परसातल्या माडाची पोय: फुलोरा ओळखण्यापासून हाताने पराग घालण्यापर्यंत

"पोयी (माडाचे फुलोरे) येतात भरपूर, पण नारळ काही धरत नाही." दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी ही तक्रार घेऊन आमच्या पडवीत येऊन बसतं. ठाण्याचं बिऱ्हाड आवरून मालवण तालुक्यातल्या सासरच्या घरी राहायला आले, तेव्हा माझीही हीच रड होती. परसात सासऱ्यांनी लावलेला एक जुना बाणवली (उंच जातीचा) माड, नुकताच फुलायला लागलेला शिडीच्या उंचीचा दुसरा बाणवली, एक नारिंगी ठेंगू माड आणि विहिरीच्या कडेला सात पोफळी (सुपारीची झाडं), एवढाच पसारा. मोबाईलवर कुठेतरी 'हाताने परागीभवन' पाहिलं आणि पोय फुटली त्याच सकाळी मी ब्रश घेऊन शिडीवर चढले. आमचे पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारे, खालून बघत होते. म्हणाले, "बाये, ह्येंची तोंडां अजून उघडूक नाय. तू पराग घालतंस कोणाक?"

बरोबर होतं त्यांचं. मादीफुलं तयार व्हायला अजून तीन आठवडे होते. ताडमाडांच्या बाबतीत हात क्वचितच चुकतो, चुकते ती वेळ. म्हणून या लेखात ब्रशापेक्षा कॅलेंडरच जास्त वेळा येईल.

१. झाडाचा संसार कसा आहे ते आधी बघा

माड आणि पोफळ यांना एकाच झाडावर, एकाच फुलोऱ्यात नरफुलं आणि मादीफुलं दोन्ही येतात. म्हणजे 'आमचा माड नर आहे' असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि विषय बदला. एक मात्र खरं, की नव्याने फुलणाऱ्या माडाच्या पहिल्या काही पोयींत मादीफुलं अगदी थोडी असतात किंवा नसतातच. आमच्या धाकट्या बाणवलीने असंच केलं आणि शेजारच्या काकूंनी त्याला वांझ ठरवून टाकलं. वर्षभर थांबा, तोडू नका.

ताड, शिंदी आणि खजूर यांचं गणित वेगळं. यांत नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. ताडगोळे लागतात ते मादीलाच. फुलोरा येईपर्यंत नर कुठला, मादी कुठली हे पानं बघून कळत नाही.

तिसरा प्रकार भेरली माडाचा. त्याचा फुलोरा शेंड्याकडून सुरू होतो आणि वर्षावर्षाने खाली उतरत येतो. शेवटच्या घोसाची फळं पिकली की झाड मरतं. त्याला फुलोरा आला तर आनंद माना, पण शेजारी पुढचं रोप लावून ठेवा. आणि ती लाल फळं हाताने चोळू नका, भयंकर खाज सुटते.

२. जमवायचं सामान

भक्कम शिडी आणि ती धरायला एक माणूस. एकट्याने चढायचं नाही. उंच माडाचं काम पाडेल्यालाच द्यायचं. धारदार कात्री. रंगाचा मऊ ब्रश. मांजरपाटाच्या दोन-तीन लांब पिशव्या, पोय आत मावेल एवढ्या. बिनवासाची टाल्क पावडर. झाकणाची काचेची बाटली आणि सिलिका जेलच्या पुड्या (नवीन बुटांच्या खोक्यात येतात त्या टाकू नका). डोळ्यांत घालायच्या औषधाची रिकामी, धुऊन खडखडीत वाळवलेली प्लास्टिकची बाटली. तिच्यासारखी पराग फुंकायची पिचकारी बाजारात मिळणार नाही. आणि ऑइलपेंटचा मार्कर.

प्लास्टिकची पिशवी पोयीला कधीही बांधू नका. आत घाम धरतो, उन्हात फुलं अक्षरशः शिजतात.

३. पोय फुटली की तारीख लिहा

माडाला साधारण महिन्याला एक नवी झावळ येते आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय असते. चांगल्या निगराणीच्या माडाला वर्षाला १२ ते १४ पोयी येतात. उन्हाळ्यात त्या भराभर फुटतात, इतर वेळी अंतर वाढतं.

आधी बगलेतून तलवारीसारखं हिरवट-तपकिरी म्यान वर येतं. ते पूर्ण वाढलं की एका बाजूने उभं चिरतं आणि आतून पिवळसर-पांढऱ्या काड्यांचा झुबका बाहेर पडतो. हा दिवस म्हणजे तुमचा 'दिवस पहिला'. त्याच झावळीच्या देठावर मार्करने तारीख लिहा. मी वहीत लिहायचे, मग कुठली तारीख कुठल्या पोयीची हेच विसरायचे.

म्यान घाईने हाताने सोलू नका, आपसूक चिरू द्या. एखादं म्यान तपकिरी होऊन वाळलं तरी फुटलं नाही, तर मात्र पाडेल्याला बोलवून शेंडा तपासून घ्या. गेंड्या भुंग्याने कोवळ्या पोयीला भोक पाडलेलं असू शकतं.

एक गोष्ट मला उशिरा कळली. आज जी पोय फुटते तिची सुरुवात शेंड्याच्या आत सुमारे अडीच वर्षांपूर्वी झालेली असते. त्यामुळे यंदा मादीफुलं कमी दिसली तर यंदाच्या खतावर राग काढून उपयोग नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी विहीर आटली होती का, ते आठवा.

४. फुलं वाचायला शिका

सगळा लेख विसरलात तरी एवढा भाग लक्षात ठेवा.

पोयीतली एक काडी हातात घ्या. टोकापासून खालपर्यंत गर्दी करून बसलेली लहान, टोकदार, फिकट पिवळी फुलं म्हणजे नरफुलं. एका पोयीत ती हजारांनी असतात. काडीच्या बुडाशी, मधल्या दांड्याला लागून मोठ्या बोराएवढी गोल गुटगुटीत बोंडं दिसतील, ती मादीफुलं. बाणवलीच्या पोयीत ती साधारण २० ते ४०, ठेंगू माडात बरेचदा त्याहून जास्त.

बाणवलीसारख्या उंच जातीत आधी नरफुलांची पाळी. काडीच्या टोकाकडून बुडाकडे ती उमलत जातात, एकेक फूल दिवस-दोन दिवसांत गळतं. हे सगळं १८ ते २२ दिवस चालतं. या काळात सकाळी माडाखाली पिवळसर सडा पडतो. त्याला 'मोहोर गळला' म्हणून घाबरू नका, नरफुलांनी आपलं काम करून खाली यायचंच असतं.

नरफुलं संपली, काड्या बोडक्या झाल्या, की मादीफुलांची पाळी. सगळी मिळून पाच ते सात दिवस, आणि एकेका फुलाचा तयार काळ जेमतेम एक ते तीन दिवस. म्हणजे त्या पोयीचा स्वतःचा पराग तिच्याच मादीफुलांना मिळत नाही. दुसऱ्या माडाचा किंवा त्याच माडाच्या पुढच्या पोयीचा लागतो. बाणवलीच्या रोपांत एकासारखं दुसरं नसतं, त्याचं कारण हेच. ठेंगू माडात उलट, नरफुलं चालू असतानाच मादीफुलं तयार होतात, त्यामुळे तो बहुतेक आपला आपण फळतो.

मादीफूल तयार झालं हे ओळखायचं कसं? कच्चं असताना बोंडाचं टोक मिटलेलं, कोरडं असतं. तयार झालं की टोक तीन भागांत उकलतं, आतला भाग पांढरा, ओलसर, चकचकीत दिसतो, आणि बोंडावर मधाचे बारीक थेंब येतात. बोट लावून चाटून बघा, गोड लागतं. थेंब दिसले नाहीत तरी मुंग्या आणि माश्या बघा. सकाळी आठ-नऊच्या सुमारास सातेरी मधमाश्या काड्यांच्या टोकांकडे न जाता बुडाशी घोटाळायला लागल्या, की समजा वेळ आली. नंतर तोच पांढरा भाग तपकिरी पडला की त्या फुलाचं दार बंद.

हुमले (झाडावरच्या तांबड्या मुंग्या) आधी आपल्या हाताला डसतात आणि मग फुलाची खबर देतात. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

५. बोंडगळ म्हणजे रोग असेलच असं नाही

मादीफुलं २० ते ४० आली म्हणून तेवढे नारळ येत नाहीत. निम्म्याहून जास्त बोंडं पहिल्या काही आठवड्यांत गळतात, निरोगी माडावरसुद्धा. ३० बोंडांतून आठ-दहा नारळ टिकले तर पोय यशस्वी झाली असं माना.

काळजी कधी करायची? सगळीच्या सगळी बोंडं पोयीमागून पोयी गळत असतील तेव्हा. त्या वेळी कारणं या क्रमाने तपासा. उन्हाळ्यात पाणी तुटलं का? पालाशयुक्त खत दिलं होतं का? आसपास दुसरा फुललेला माड आहे का? माश्या फिरकतात का? भर जुलैच्या झडीत फुललेल्या पोयीचा हिशेब मात्र धरूच नका, पावसात पराग धुपतो आणि माशी बाहेर पडत नाही.

बोंडं धरली पण देठाच्या टोपीखाली पांढुरके त्रिकोणी चट्टे दिसले आणि पुढे ते तपकिरी, खरखरीत झाले, तर तो इरिओफाइड कोळी, नारळाला लागणारी एक अतिबारीक कीड. आपल्या देशात १९९८ मध्ये केरळात पहिल्यांदा आढळला आणि मग सगळ्या किनाऱ्यावर पसरला. परागीभवनाशी त्याचा संबंध नाही, पण नवखी माणसं दोन्ही गोष्टींची गल्लत करतात. आणि काहीही झालं तरी फुललेल्या पोयीवर कीटकनाशक मारू नका. एका सद्गृहस्थांच्या सल्ल्याने मी एकदा सरसकट फवारलं. किडी किती मेल्या माहीत नाही, माश्या मात्र दोन महिने आल्या नाहीत.

६. एकट्या माडाला हाताने पराग घालणं

आसपास दुसरे माड असतील तर याची गरज नाही, वारा आणि माश्या काम करतात. पण नव्या बंगल्याच्या आवारात, देशावर एखाद्या सोसायटीत एकुलता बाणवली असेल तर उपयोग होतो.

पराग आणायचा तो नरफुलं उमलत असलेल्या दुसऱ्या माडाचा. सकाळी लवकर, उद्या-परवा उमलतील अशी टपोरी पण मिटलेली नरफुलं खुडा. कागदावर पसरून वरून बाटली हलकेच लाटा, म्हणजे ती फुटतील. भुगा करायचा नाही. सावलीत, पंख्याचा वारा न लागेल अशा जागी एक दिवस वाळवा. दुसऱ्या दिवशी बारीक मलमलच्या फडक्यातून चाळलं की खाली फिकट पिवळी धूळ उरते, तो पराग. वाटीभर फुलांतून चिमूटभर निघतो, हिरमुसू नका.

एक भाग परागात आठ-दहा भाग टाल्क मिसळा आणि त्या थेंबाच्या बाटलीत भरा. उघड्यावर पराग लवकर मरतो. सिलिका जेलसकट बंद बाटलीत फ्रिजमध्ये ठेवला तरी मी दोन-तीन दिवसांतच संपवते.

देठावरच्या तारखेपासून अठरावा दिवस उलटला की रोज सकाळी बघायला लागा. टोक उकललेल्या बोंडांवर सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान बाटली दाबून एकेक फुंकर मारा. मादीफुलं एकदम तयार होत नाहीत, म्हणून आठवडाभर रोज किंवा एक दिवसाआड जायचं. नवखे इथेच कंटाळतात. एकदा फुंकर मारून उतरलात तर चार-पाच बोंडांपलीकडे काही हाती लागत नाही.

७. पोफळ

पोफळीला तुम्ही काही करू नका. खालची झावळ विरीसकट (खोडाला वेढणाऱ्या तिच्या रुंद बुडासकट) गळली की तिच्या जागी पोय दिसते. काड्यांवर बारीक, सुवासिक नरफुलं, बुडाशी मोठी मादीफुलं, आणि इथेही आधी नराची पाळी, जवळजवळ महिनाभर. पराग वाऱ्याने जातो. म्हणून पोफळ एकटी लावायची नाही, चार-पाच तरी हव्यात. सुपारी पिकायला पुढे सात-आठ महिने लागतात.

८. खजूर: इथे हात लागतोच

माझ्या बहिणीच्या बार्शीकडच्या शेतघराजवळ बारही जातीची दोन खजुराची झाडं आहेत. तिला सगळ्यात मोठा फटका बसला तो आधीच्या खेपेला बियांपासून रोपं केली म्हणून. बियांच्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, आणि ते कळायला काही वर्षं जातात. मादीसाठी ऊतीसंवर्धित (टिश्यू कल्चरचं) रोप किंवा खात्रीच्या झाडाच्या बुडाशी फुटलेलं पिल्लूच घ्या. नर एखादाच पुरतो. तो नसेल तर ओढ्याकाठच्या शिंदीच्या नराचा परागही चालतो, दोघी एकाच कुळातल्या.

फुलोरा थंडी ओसरताना येतो. नराचं म्यान तपकिरी पडून बोटांनी दाबल्यावर करकरलं, की ते कापा. आतली फुलं पांढरी, मेणासारखी, पिठूळ असतात. मादीचं म्यान चिरल्यापासून दोन ते चार दिवसांत तिच्या काड्यांच्या मध्ये नराच्या दोन-तीन काड्या उलट्या खोचा आणि सुतळीने सैलसर बांधा. दुपारच्या उबेत काम करा, लगेच पाऊस आला तर पुन्हा करा. अरबस्तानात हीच रीत हजारो वर्षं चालत आली आहे.

चुकलं हे कसं कळतं? मादीच्या प्रत्येक फुलात तीन कप्पे असतात. पराग मिळाला की एकच वाढतो, बाकीचे दोन गळतात. पराग मिळाला नाही तर तिन्ही मणी एकमेकांना चिकटून वाढतात, बिनबियांचे, किरकोळ, बेचव. घोसात असे तिळे मणी दिसले की पुढच्या वर्षी दोन दिवस लवकर जा.

खजुराच्या पानाच्या बुडाशी सुयांसारखे काटे असतात. चष्मा घाला. बहिणीच्या भुवईवरची खूण अजून आहे.

९. हौस असेल तर: घरचा संकर

ठेंगू माड लवकर फळतो, उंच माड टिकाऊ आणि त्याचं खोबरं सरस. दोघांचा संकर जगात पहिल्यांदा झाला तो आपल्याच किनाऱ्यावर, केरळातल्या नीलेश्वरला, १९३२ मध्ये. तिथे आई उंच होती आणि बाप ठेंगू. घरी करताना मी उलट करते, नारिंगी ठेंगू आई आणि बाणवली बाप, कारण ठेंगूची पोय स्टुलावरून हाताला लागते.

पोय फुटली त्याच दिवशी ठेंगूच्या प्रत्येक काडीचा मादीफुलांपलीकडचा भाग कात्रीने छाटा. मग उरलेली नरफुलं बोटांनी खुडा. हे केलं की मांजरपाटाची पिशवी चढवून बुडाशी कापूस लावून बांधा, मुंगीसुद्धा आत जाता कामा नये. बोंडं उकलली की रोज पिशवी थोडी सोडून बाणवलीचा पराग फुंका, पुन्हा बांधा. शेवटचं बोंड तपकिरी पडल्यावर आठवड्याने पिशवी काढा, पोयीला रंगीत नाडी बांधा, नाहीतर घरातलंच कोणीतरी शहाळं म्हणून उतरवतं.

पहिल्या खेपेला माझे अकरा नारळ धरले. बारा महिने थांबून, उतरवल्यावर महिन्याच्या आत ते रुजत घातले, कारण ठेंगूच्या नारळातलं पाणी लवकर आटतं. कोंब आले आणि मी त्यांच्या देठांचे रंग बघत बसले. आई नारिंगी असली तर ओळख सोपी आहे: संकर झालेल्या रोपाचा देठ तपकिरी-हिरवट येतो, आणि आईने आपल्याच परागावर धरलेल्याचा निखळ नारिंगी. अकरापैकी सात नारिंगी.

कारण शोधायला पुढच्या पोयीपर्यंत थांबावं लागलं. प्रत्येक मादीबोंडाच्या दोन्ही बाजूंना, अगदी बुडाशी, दोन नरफुलं चिकटून असतात. काडीचा शेंडा छाटला तरी ती मागे राहतात, आणि पिशवीच्या आत सुखाने उमलतात. आता मी चिमट्याने एकेका बोंडाभोवती फिरून ती दोन काढते, चष्मा नाकावर, पाडेली खाली शिडी धरून. दुसऱ्या खेपेला नऊ कोंब आले, आठांचे देठ तपकिरी. नववा नारिंगी मी फाटकाशी लावला आहे.